वशिला नसलेल्या गुणवंताने कोठे जावे?

दहावी आणि बारावीचे निकाल लागले की नाशिक जिल्ह्यातील हजारो घरांत एकच प्रश्न उभा राहतो: गुण तर चांगले मिळाले, आता प्रवेश कोठे घ्यावयाचा? ज्या घरात दोन-तीन पिढ्यांचे शिक्षण आहे, आप्तेष्टांत डॉक्टर आणि इंजिनिअर आहेत, संस्थाचालकांशी ऊठबस आहे आणि गाठीला पैसा आहे, त्या घरात या प्रश्नाचे उत्तर निकालाच्या आधीच तयार असते. तेथे प्रश्न एवढाच की, कोणत्या दाराने आत जावयाचे. आम्ही आज लिहीत आहोत ते दुसऱ्या घरांतील मुलामुलींविषयी. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगार, निफाड-येवल्याचा कांदा पिकविणारा शेतकरी, मालेगावचा यंत्रमाग कामगार, पेठ-सुरगाण्याकडचा प्राथमिक शिक्षक यांची ही मुले आहेत. त्यांच्यापाशी गुणपत्रिका आहे आणि त्या गुणपत्रिकेखेरीज दुसरे काही नाही.

अशा विद्यार्थ्याने नामवंत महाविद्यालयाचा ध्यास धरावा काय? धरला तर कोणत्या हिशेबाने धरावा? हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. कार्यकर्त्यांनाही तसाच वाटत असावा. कारण वेतनवाढ, शेतमालाचे भाव आणि रेशन यांवर आपण जेवढे बोलतो त्याच्या दशांशानेही प्रवेशप्रक्रियेवर बोलत नाही. वस्तुतः समाजातील अधिकाराच्या जागा पुढच्या पिढीत कोणाकडे जाणार, याची वाटणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होत असते. ती कोणत्या नियमांनी होते हे समजून घेणे हा राजकारणाचाच भाग आहे.

गुण, भरपाई आणि खरेदी

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. खुल्या वर्गातील सामान्य पालक आपल्या मुलाला जागा मिळाली नाही की बोट दाखवितो ते राखीव जागांकडे. हे बोट चुकीच्या दिशेला आहे. प्रवेशाच्या वेळी एखाद्याला जे झुकते माप मिळते त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार भरपाईचा. शतकानुशतके ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ साली राखीव जागांचा हुकूम काढला. डॉ. लोहियांनी ज्याला विशेष संधीचे तत्त्व म्हटले तेही हेच. या जागांची संख्या जाहीर असते, यादी जाहीर असते, आणि त्या यादीतही गुणक्रम असतो. सुरगाण्याच्या आदिवासी विद्यार्थ्याला आपल्या प्रवर्गातील इतर विद्यार्थ्यांशी स्पर्धा करूनच जागा मिळवावी लागते. २०१९ साली आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा ठेवल्या गेल्या. त्या तरतुदीतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय गरिबांना वगळले, याविषयी आमचा आक्षेप आहे. परंतु त्याही जागा जाहीर आणि गुणक्रमानेच भरल्या जातात.

दुसरा प्रकार खरेदीचा आणि ओळखीचा. त्यालाच आपण वशिला म्हणतो. ज्याचा आधार गुण हा नाही आणि सामाजिक अन्यायाची भरपाई हाही नाही, तो वशिला, अशी साधी व्याख्या करता येईल. या व्याख्येने पाहिले तर पेठचा आदिवासी विद्यार्थी आणि नाशिकरोडच्या कामगार वसाहतीतील खुल्या वर्गाचा विद्यार्थी हे दोघेही एकाच बाजूला उभे आहेत, कारण दोघांकडेही वशिला नाही. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचा लाभ आहे, ते तिसऱ्याच दाराने आत जात असतात.

हे तिसरे दार किती रुंद आहे? अकरावीच्या प्रवेशात कनिष्ठ महाविद्यालयांतील ५ टक्के जागा व्यवस्थापन कोट्याच्या, आणि त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांसाठी १० टक्के जागा इनहाऊस कोट्याच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांचा कोटा हा घटनेच्या ३० व्या कलमाशी निगडित स्वतंत्र विषय आहे; तो आम्ही यात धरीत नाही. इनहाऊस कोटा मात्र विचार करण्याजोगा आहे. बालवाडीत असताना ज्या मुलाच्या पालकांना नामवंत शाळा परवडली, त्याला दहा-बारा वर्षांनी त्याच संस्थेच्या महाविद्यालयात वेगळी रांग मिळते. साडेतीन वर्षांच्या वयात झालेली निवड साडेपंधराव्या वर्षी पुन्हा एकदा लाभते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाला अशी रांग कोठेच नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत हे दार आणखी रुंद होते. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थेच्या पातळीवर भरल्या जातात. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के संस्था व अनिवासी भारतीय कोट्यातून भरावयाच्या असतात, आणि या १५ टक्क्यांचे शुल्क नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट असते. कागदावर येथेही गुणक्रमाची अट आहे. परंतु शुल्काचा आकडा वाचूनच ज्याने अर्ज केला नाही, त्याचे गुण कोणत्या यादीत येणार? जेथे प्रवेशाआधीच किंमत चाळणी लावते, तेथील गुणक्रम हा श्रीमंतांतला गुणक्रम असतो.

दारे कशी उघडली

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोपर्यंत महाराष्ट्रातील पैसेवाल्यांची मुले देणग्या देऊन कर्नाटकात शिकत होती. तो पैसा राज्यातच राहील, असा युक्तिवाद त्या वेळी केला गेला. नाशिकमध्ये के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ साली सुरू झाले, आणि पुढे जिल्ह्यात अशी महाविद्यालये वाढत गेली. ग्रामीण भागातील अनेक मुले या महाविद्यालयांतून इंजिनिअर झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु सरकारने स्वतः महाविद्यालये काढण्याची जबाबदारी त्याच वेळी खाली ठेवली, हेही तितकेच खरे आहे. विधिमंडळाला १९८७ साली कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला, यावरूनच चार वर्षांत काय झाले होते ते समजते.

पुढची कथा न्यायालयांची आहे. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरविली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणक्रमाने व सरकारी दराने, आणि निम्म्या जादा शुल्काने अशी वाटणी घालून दिली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती वाटणी मोडली. २००५ च्या इनामदार निकालाने तर, विनाअनुदानित संस्थांवर राज्य आपला कोटा वा आरक्षण लादू शकत नाही असे सांगितले आणि अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मान्यता दिली. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून १५ व्या कलमात भर घातली, म्हणून खासगी संस्थांतील सामाजिक आरक्षणाला आधार मिळाला. महाराष्ट्रात प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाचा कायदा २०१५ साली झाला. या तीस-पस्तीस वर्षांच्या कथेचे तात्पर्य असे की, भरपाईच्या प्रत्येक जागेसाठी चळवळ आणि घटनादुरुस्ती करावी लागली. खरेदीच्या जागा मात्र बहुधा आपोआप वाढत गेल्या.

सत्तेचा वशिला याहून जुना आहे. १९८६ साली मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या काळी गुणांचे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले, कारण ते नियमबाह्य होते. आज जागा विकत घेण्यासाठी नियम मोडावा लागत नाही. नियमातच तशी सोय आहे, आणि म्हणून कोणालाही राजीनामा द्यावा लागत नाही.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत हार्वर्ड, येल यांसारख्या विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली तेथील बारा अतिनामवंत संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील गुण सारखेच असताना, सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मूल मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या संस्थांत पोहोचते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत मात्र त्या निकालाने शाबूत राहिली. भरपाईचे दार बंद करावयाचे आणि वारशाचे उघडे ठेवावयाचे, हा क्रम आपल्याला अपरिचित नाही.

नावाची किंमत कोणाला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नामवंत महाविद्यालयाने विद्यार्थ्याचे खरोखर किती भले होते? या बाबतीत अर्थशास्त्राने काही विचार केलेला आहे. महाविद्यालयाचे नाव मोठे असते ते बरेचदा तेथे निवडून घेतलेल्या विद्यार्थ्यांमुळे. हुशार मुले आत घ्यावयाची आणि हुशार मुले बाहेर पाठवावयाची, यात शिकविण्याचा वाटा किती आणि चाळणीचा किती हे वेगळे करणे अवघड असते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली अमेरिकेतील अशाच एका प्रश्नाचा मागोवा घेतला. १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी, ज्यांचे अर्ज व ज्यांना मिळालेले प्रवेश सारखेच होते, परंतु काही अतिनामवंत संस्थेत गेले आणि काही कमी नामवंत संस्थेत गेले, त्यांच्या पुढील मिळकतीची त्यांनी तुलना केली. दोघांच्या मिळकतीत फारसा फरक दिसला नाही. मात्र याला एक अपवाद होता. गरीब घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना नामवंत संस्थेचा निश्चित लाभ झाला होता. चेट्टी प्रभृतींच्या अभ्यासातही सरासरी मिळकतीतील फरक थोडा दिसतो. पण अगदी वरच्या थरातील पदांवर पोहोचण्याची शक्यता अशा संस्थेमुळे बरीच वाढते, असे त्यांनी दाखविले आहे.

परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करणे बरोबर नव्हे. तरीही त्यामागील कारण आपल्या अनुभवाशी जुळते. ज्याच्या घरात ओळखीपाळखी आहेत, त्याला महाविद्यालयाच्या ओळखींची गरज कमी असते. तो कोठेही शिकला तरी त्याचे मार्ग मोकळे असतात. ज्याच्या घरात कोणीच शिकलेले नाही, त्याला मात्र चांगले ग्रंथालय, चांगली प्रयोगशाळा, विषयात रमलेला प्राध्यापक आणि महत्त्वाकांक्षी सोबती प्रथमच तेथे भेटतात. म्हणजे नामवंत महाविद्यालयाचा खरा उपयोग ज्याला सर्वांत जास्त आहे, त्याच्याकडे वशिला सर्वांत कमी. आणि वशिल्याने आत जाणाऱ्याला त्या जागेची गरजही सर्वांत कमी. अर्थशास्त्राच्या भाषेत ही साधनांची उधळपट्टी आहे, आणि नीतीच्या भाषेत अन्याय.

म्हणून ‘शिकणारा कोठेही शिकतो’ हा उपदेश आम्ही कामगाराच्या मुलाला करणार नाही. तो उपदेश बहुधा ज्यांची मुले चांगल्या जागी पोहोचलेली असतात तेच करतात. गुण असतील तर त्याने उत्तम महाविद्यालयाची आकांक्षा अवश्य धरावी. फक्त ती नावाच्या मोहाने न धरता हिशेबाने धरावी.

निवडीचा हिशेब

हिशेबाचे पहिले कलम असे की, जेथे व्यवस्थापन कोट्याचे दारच नाही अशा संस्था यादीत आधी याव्यात. पुण्याचे १८५४ पासूनचे सीओईपी, जे २०२२ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. मुंबईचे १८८७ पासूनचे व्हीजेटीआय. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये. पुण्याची २००६ साली निघालेली आयसर ही विज्ञानसंस्था: ही सारी सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली आहेत. तेथे स्पर्धा तीव्र आहे, पण संस्थाचालकाच्या मर्जीने भरावयाची जागा नाही. वशिला नसलेल्या विद्यार्थ्याला समान जमीन मिळते ती येथेच. शिवाय शुल्कही तुलनेने कमी.

दुसरे कलम पसंतीक्रमाचे. अनेक पालकांचा समज असतो की, मोठ्या महाविद्यालयाचे नाव पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही तर दुसऱ्यावरचा हक्क जातो. म्हणून ते मिळण्याजोगे नावच वर लिहितात. हा समज निराधार आहे. केंद्रीय प्रवेशफेरीत प्रथम सर्वांत वरच्या गुणक्रमांकाच्या विद्यार्थ्याची यादी वाचली जाते आणि तिच्यातील वरून पहिली उपलब्ध जागा त्याला दिली जाते. मग पुढच्या क्रमांकाची. आपली पाळी येते तेव्हा आपण एखाद्या महाविद्यालयाचे नाव पहिले लिहिले की पाचवे, याने त्या महाविद्यालयातील आपला हक्क कमी होत नाही. अशा वाटपपद्धतींचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडले, आणि या विषयातील कार्यासाठी शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे: मनात जो क्रम असेल तोच कागदावर लिहावा. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून जेथे जावयाचेच नाही असे नाव शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वर लिहू नये. आणि अकरावीच्या अर्जात दहापर्यंतच पसंती देता येतात; म्हणून मागील वर्षीचे शेवटचे गुण पाहून, खालच्या दोन-तीन जागी खात्रीची नावे ठेवावीत. अकरावीची ही केंद्रीय पद्धत नाशिक शहरात काही वर्षे होतीच, २०२५ पासून ती सर्व राज्याला लागू झाली आहे. त्यामुळे कळवण-बागलाणच्या विद्यार्थ्यालाही आता हे गणित कळले पाहिजे.

तिसरे कलम खर्चाचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. सरकारी शुल्कसवलती बहुतेक केंद्रीय फेरीतून झालेल्या प्रवेशालाच लागू असतात, संस्थास्तरावरील प्रवेशाला नाहीत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. तंत्रशिक्षणात मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के अधिसंख्य जागा शिक्षणशुल्क माफीच्या असतात. त्या गुणक्रमाने मिळतात, परंतु पसंतीयादीत त्यांचा संकेतांक वेगळा लिहावा लागतो. तो न लिहिल्यामुळे हक्काची सवलत हुकणे, हे साध्या माहितीअभावी होणारे नुकसान आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. जो बाप व्यवस्थापन कोट्यातील जागेसाठी द्राक्षबाग गहाण टाकतो, तो देणगी तर भरतोच, शिवाय मुलाच्या या सवलतीही घालवून बसतो. त्याला कोणीतरी वेळीच अडविले पाहिजे. कर्जाच्या ओझ्याखाली शिकलेला मुलगा पहिली मिळेल ती नोकरी धरतो. आवडीचे काम, संशोधन, गावाकडे परतणे हे सारे मार्ग त्याला हप्त्यांनी बंद झालेले असतात.

चौथे कलम विषयाचे. नामवंत महाविद्यालयातील नको असलेली शाखा आणि साध्या महाविद्यालयातील हवी असलेली शाखा, यांत विद्यार्थ्याने आपला कल पाहावा. एका वर्षी संगणकाची लाट असते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कशाची. अभ्यासक्रम मात्र चार वर्षे चालतो. लाट पाहून निवडलेला विषय हातात येईपर्यंत लाट ओसरलेली असू शकते.

पाचवे कलम असे की, पहिल्या प्रवेशाला आयुष्याचा निकाल समजू नये. आपल्याकडे दुसरी दारे आहेत आणि तीही परीक्षेनेच उघडतात. नाशिकचे १९२४ सालचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय असो वा मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. असो, तेथे अल्प खर्चात विज्ञानाची पदवी घेऊन ‘जॅम’ परीक्षेने आयआयटीत पदव्युत्तर शिक्षणाला जाता येते. अभियांत्रिकीनंतर ‘गेट’ परीक्षा आहे, आणि तिच्या जोरावर प्रवेश मिळविणाऱ्यास विद्यावेतनही मिळते. या वाटेने वशिल्याविना पुढे जाता येते. घरी राहून, वृत्तपत्रे टाकून वा शिकवण्या घेऊन शिकणाऱ्या मुलाने याची लाज बाळगण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाची जोड दिली ती याच महाराष्ट्रात.

गुणवत्ता तरी किती निखळ?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तुम्ही गुणक्रमाचा एवढा कैवार घेता, पण गुण तरी निखळ कोठे आहेत? सीईटी आणि नीट या परीक्षांचे गुण लाखाच्या शिकवण्यांतून तयार होत नाहीत काय? होतात. नीट अनिवार्य झाल्यावर शिकवणीचा व्यापार वाढला. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालावयाचे आणि बसावयाचे खासगी वर्गात, ही पद्धत इतकी रुळली की २०१८ साली सरकारला नाशिकसह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी यांत्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. गुणपत्रिकेवर घरच्या परिस्थितीची छाया असतेच, म्हणूनच भरपाईची तत्त्वे आवश्यक आहेत. परंतु शिकवणी विकत घेणाऱ्यालाही उत्तरे स्वतः लिहावी लागतात; जागा विकत घेणाऱ्याला तेवढेही करावे लागत नाही. एका अपुऱ्या न्यायावर उपाय म्हणून उघड अन्याय पत्करता येत नाही. गुणक्रम अधिक न्याय्य करण्याचा मार्ग सार्वजनिक शाळा सुधारण्यातून जातो. महाविद्यालयातील जागा विकण्यातून जात नाही.

कार्यकर्त्यांचे काम

या सर्वांतून पक्षकार्यकर्त्यांसाठी दोन प्रकारची कामे निघतात. पहिले तातडीचे. निकालाच्या आधीच्या महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी आपल्या कार्यालयात प्रवेश मार्गदर्शनाचे टेबल मांडावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी विद्यार्थ्यांना वेळेत अर्ज करावयास लावावे. कागदाअभावी गेलेली जागा ही गुणांअभावी गेलेल्या जागेपेक्षा अधिक दुःखद असते. मागील वर्षांच्या शेवटच्या गुणांच्या याद्या भिंतीवर लावाव्यात. पसंतीक्रमाचा अर्ज पालकांसमक्ष भरून द्यावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. गावातील दोन शिक्षक, संगणक येणारे दोन तरुण आणि एक चिकाटीचा साथी एवढे पुरते. श्रीमंताच्या मुलाला सल्लागार पैशाने मिळतो. गरिबाच्या मुलाचा सल्लागार संघटना झाली पाहिजे.

दुसरे काम लढ्याचे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांचे वेतन सरकार देते; मग तेथील जागा संस्थेच्या मर्जीने का भराव्यात? अनुदानित तुकड्यांतील व्यवस्थापन कोटा रद्द झाला पाहिजे, आणि इनहाऊस कोटा केंद्रीय यादीत विलीन झाला पाहिजे. विनाअनुदानित संस्थांनी संस्थास्तरावर भरलेल्या प्रत्येक जागेसाठी विद्यार्थ्याचा गुणक्रमांक आणि घेतलेले शुल्क जाहीर करावे. विद्यार्थ्याचे नाव झाकूनही हे करता येते. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरल्यावर नव्हे, तर सत्र सुरू होताना मिळाली पाहिजे. कारण ती येईपर्यंतचा खर्च सावकाराकडून आणावा लागला तर सवलतीचा अर्थच उरत नाही.

आणि सर्वांत मूलभूत मागणी सार्वजनिक जागा वाढविण्याची आहे. आमच्याच शहराचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकला आहे. राज्यभरातील डॉक्टरांच्या पदव्यांवर नाशिकचा शिक्का उमटतो. परंतु डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या नाशिकच्या गरीब विद्यार्थ्यासाठी या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन व्हावयास ऑक्टोबर २०२४ उजाडले. मधल्या सव्वीस वर्षांत येथील किती गुणवंत मुलींनी, घरापासून दूर पाठविणे परवडत नाही म्हणून, दुसरी वाट धरली असेल याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. हे महाविद्यालय आता पुरेसे अध्यापक, रुग्णखाटा आणि वसतिगृह यांसह उभे राहते की केवळ फलकावर राहते, यावर आपली नजर असली पाहिजे.

जागा थोड्या ठेवल्या की रांग लागते, रांग लागली की वशिल्याला किंमत येते, आणि किंमत आली की ती वसूल करणारे निर्माण होतात. टंचाई हीच वशिल्याची जननी आहे, हे रेशनच्या दुकानापासून आपण पाहत आलो आहोत. शिक्षणातही नियम तोच आहे. यास्तव गुणपत्रिकेखेरीज काही जवळ नसलेल्या विद्यार्थ्याला आमचे सांगणे असे की, त्याने संकोच सोडून उत्तमाची निवड करावी, खरा पसंतीक्रम लिहावा आणि कोणालाही देणगी देऊ नये. आणि कार्यकर्त्यांना सांगणे असे की, येत्या प्रवेशाच्या हंगामात हा विद्यार्थी खिडकीपुढे एकटा उभा राहणार नाही, एवढे पाहावे.